एल्फिन्स्टनचा पत्ता शोधताना

एडिंबरजवळच्या ट्रनेंट गावावरून जाताना रस्त्याच्या कडेला पाटी दिसली: एल्फिन्स्टन. परळमध्ये वाढलेल्या माणसाने तिथे गाडी थांबवली नाही तरच नवल. मी थांबवली, फोटो काढला, बाबांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: "त्यांनाही सांग, प्रभादेवी करून टाका."

परळजवळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव बदलून २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, बाबा अजून 'एल्फिन्स्टनला' उतरतात. ते नाव तेराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचं, म्हणजे १८५३ ते १८६० या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नरचं. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा वकील, असलेला माउंटस्टुअर्ट हा त्याचा काका. इतपत मला ठाऊक होतं. म्हटलं, एडिंबरात राहतेच आहे, तर या घराण्याची पदवी आली कुठून ते मुळापासून काढू. दोन रजा पुरतील असा अंदाज होता. सहा गेल्या.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला जनरल रजिस्टर हाउस, म्हणजे स्कॉटलंडचा सरकारी दफ्तरखाना आहे, समोर घोड्यावर वेलिंग्टन. आत जायला वाचकाचं कार्ड लागतं, त्यासाठी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल. ती मी अर्थातच नेली नव्हती. आणि काउंटरवर पहिल्याच वाक्यात घोटाळा केला: "मला बॅरन एल्फिन्स्टनचा इतिहास हवाय." तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "माणसाचा की जमिनीचा?"

हा प्रश्न कळायलाच माझी पहिली रजा गेली. इंग्लंडमध्ये बॅरन ही सरदारकीची सगळ्यात खालची पायरी. स्कॉटलंडमध्ये त्या पायरीला 'लॉर्ड ऑफ पार्लमेंट' म्हणतात, कारण बॅरन हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागला होता. राजाने सनद देऊन एखादी जमीन 'मुक्त बॅरनी' केली, की ती जमीन धरणारा तो बॅरन. थोरवी जमिनीची, माणूस तिच्यामुळे मोठा. जमीन विकली की बॅरनपण घेणाऱ्याकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉर्ड हा किताब आणि बॅरनी हे वतन. एल्फिन्स्टनांकडे दोन्ही होतं, आणि मी दोन्हींची खिचडी करून बसले होते.

मग राजमुद्रेच्या सनदांचं छापील दफ्तर हाती आलं. माझ्या कामाचा दुसरा खंड, १४२४ ते १५१३. सगळं लॅटिन! शाळेत संस्कृत घेतलं होतं, त्यामुळे विभक्त्यांची भीती नव्हती, एवढीच जमेची बाजू. हळूहळू ठरावीक शब्द ओळखू यायला लागले. 'इन लिबेरम बरोनियाम' दिसलं की समजायचं, बॅरनी झाली. अशा सनदांमध्ये 'कुम फुर्का एत फोस्सा' असंही येतं: फासासह आणि खड्ड्यासह. पुरुष चोराला फास आणि बाईला पाण्याच्या खड्ड्यात बुडवायचं, असा त्याचा रूढ अर्थ. बॅरनला जमिनीबरोबर हाही अधिकार मिळायचा, गिरणी आणि मासेमारीच्या हक्कांच्या ओळीतच लिहिलेला. जमिनीचा ताबा द्यायचा तर त्या जागी उभं राहून मूठभर माती आणि एक दगड हातात ठेवायचा. १६१७ पासून असे ताबे नोंदवहीत चढायला लागले. बॅरनांचा न्यायाचा बडेजाव मात्र जॅकोबाइट बंड (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठीचा उठाव) मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने जवळजवळ संपवला.

माझी पाटी मात्र चुकीची निघाली. म्हणजे गाव खरं, घराण्याचं नावही तिथलंच. पण पंधराव्या शतकात पायपरडीनच्या लढाईत घरचा कर्ता पडला, मागे मुलगी, आणि तिच्या लग्नामुळे मूळ गाव जॉन्स्टन घराण्यात गेलं. भावाच्या शाखेला फोर्थ नदीकाठची एअर्थजवळची जमीन मिळाली. त्या मंडळींनी तिथे बुरुज बांधला आणि राजाकडून त्या जमिनीचीच 'एल्फिन्स्टन' नावाची बॅरनी करून घेतली. गाव गेलं तर नाव उचलून दुसऱ्या गावावर ठेवलं!

पुढे अडले तारखेवर. पहिला लॉर्ड झाला ते साल एका ठिकाणी १५०९, दुसऱ्या ठिकाणी १५१०. छपाईची चूक समजून मी अख्खी दुपार घालवली. शेवटी त्याच बाईंनी सांगितलं की १६०० पर्यंत इथलं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारीतली घटना जुन्या हिशेबात आदल्या वर्षात पडते. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. तो पहिला लॉर्ड १५१३ मध्ये इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या रणात स्कॉटलंडच्या राजाबरोबरच मारला गेला, म्हणजे किताब पुरती चार वर्षंही मिरवता आला नाही.

शेवटचा कागद सगळ्यात नवा. २८ नोव्हेंबर २००४ रोजी स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारा कायद्याने बंद झाली. बॅरनी रद्द नाही केली, फक्त जमिनीपासून सुटी केली. आता नुसती पदवी विकता येते, एक इंचही जमीन न घेता.

रात्री बाबांना फोनवर हे सांगितलं. आम्ही कुलकर्णी. १८१८ मध्ये साताऱ्याच्या जाहीरनाम्यात 'वतनं, इनामं चालू राहतील' असं आश्वासन याच माउंटस्टुअर्टने दिलं होतं, आणि आमचं वतन १९५० च्या कायद्यात खालसा झालं. बाबा म्हणाले, "मग आपलंही तेच की. जमीन गेली, आडनाव राहिलं. विकत कोणी घेत नाही, एवढाच फरक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतल्या एका कागदाचा फोटो पाठवला. मोडीत आहे. वर शिक्का, खाली 'कुलकर्ण' एवढंच मला लागलं. पुढच्या महिन्यापासून मोडीचा ऑनलाइन वर्ग लावलाय.