4 जुलैचं बेरी ट्रायफल: थरांच्या रेघा आणि फळांचा रस

यंदाचा 4 जुलै शनिवारी येतोय आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 250 वर्षं होताहेत. त्यामुळे आमच्या गल्लीतलं एकत्र जेवण नेहमीपेक्षा मोठं आहे. गोडाचं मी अंगावर घेतलंय: लाल-पांढरं-निळं ट्रायफल, म्हणजे केक, क्रीम आणि फळांचे थर, पायाच्या मोठ्या काचेच्या बाउलमध्ये. न्यू जर्सीत या दिवसांत साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो, आतषबाजी त्यानंतर, आणि गोड तिच्या थोडं आधी वाढतात. म्हणजे दुपारी लावलेले थर रात्रीपर्यंत काचेतून स्वच्छ दिसायला हवेत.

चवीचं म्हणाल तर चांगल्या बेरी आणि चांगलं क्रीम एकत्र आलं की फार काही करावं लागत नाही. रेघा टिकवणं हे खरं काम, आणि ते जवळपास सगळं रसाशी निगडित आहे. कुठल्या फळाला किती रस सुटतो, तो कुठे उतरतो, वाटेत त्याला कोण शोषून घेतं, एवढं जमलं की बाउल जमला. गेले काही आठवडे लहान काचेच्या ग्लासांत थर लावून, ते फ्रिजमध्ये आणि मग बाहेर ठेवून बघतेय. आतापर्यंत जे हाती आलंय ते इथे मांडते.

लाल

महाबळेश्वरच्या हिवाळी स्ट्रॉबेरीची सवय असलेल्यांना इथला हंगाम उलटा वाटतो. न्यू जर्सीत शेतावरची स्ट्रॉबेरी मेच्या शेवटाकडे सुरू होते आणि जून सरता सरता संपते. 4 जुलैला दुकानात जी दिसते ती बहुतेक कॅलिफोर्नियाची. मी दोन्ही वापरणार आहे, पण दोन वेगळ्या कामांना.

इथली स्ट्रॉबेरी लहान, आतपर्यंत लाल, घरभर वास सुटेल अशी, आणि मऊ. काचेला लावली तर तासाभरात ओघळ सुरू होतात. म्हणून जूनमध्ये खुडून आणलेली फळं थोड्या साखरेत शिजवून गाळली, रस आटवला आणि तो पाक फ्रीझरमध्ये ठेवलाय. केकवर ब्रशने लावायचा तो हा. कॅलिफोर्नियाची स्ट्रॉबेरी मोठी, कडक, देठापाशी पांढुरकी, वासाला बेताची. पण तिचा कडकपणाच इथे उपयोगी पडतो. उभी चिरायची, पेपर टॉवेलवर पालथी ठेवून ओल टिपायची आणि कापलेली बाजू काचेला टेकवून लावायची.

साखरेबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: काचेजवळच्या फोडींना साखर अजिबात लावायची नाही. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. अर्धा किलो फोडींना 50 ग्रॅम साखर चोळून ठेवली की अर्ध्या तासात तळाशी लाल रस दिसायला लागतो. पण गोडी तर हवीच, म्हणून बाउलच्या मधोमध जाणाऱ्या फोडींना साखर लावून त्या चाळणीत निथळत ठेवते आणि खाली जमलेला रस जूनच्या पाकात घालून पुन्हा आटवते. बाहेरून कोरडी कड, आत मुरलेलं फळ. चमचा आत गेला की दोन्ही एकदम येतं.

रास्पबेरी जुलैत इथलीच ताजी मिळते आणि रंगाला सुरेख आहे, पण आतून पोकळ असल्यामुळे वरच्या वजनाखाली चेपते. ती फक्त सर्वांत वर.

निळं

माझा सगळ्यात जास्त जीव इथे अडकलाय. ब्लूबेरी चिरून बघा: आत हिरवट-पांढरा गर, सालीत गडद लाल-जांभळा रंग. निळं असं काहीच नाही. तो निळेपणा सालीवरच्या मेणाच्या पातळ थराचा आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवलं की या मेणाचे सूक्ष्म स्फटिक अस्ताव्यस्त रचलेले असतात आणि ते निळा व अतिनील प्रकाश विखुरतात. मेण पुसलं की खालची काळपट जांभळी साल दिसते. हे वाचल्यापासून मी फळ धुण्याची पद्धतच बदलली आहे. पसरट भांड्यात गार पाणी, त्यात ब्लूबेरी हलकेच बुडवून लगेच काढायच्या, पंचावर एका थरात पसरून पंख्याखाली वाळवायच्या. हाताने चोळायचं नाही, फडक्याने पुसायचं नाही. शेजारी शेजारी दोन ग्लास ठेवले तर फरक लहान मुलंही सांगतात: एकातली निळी, दुसऱ्यातली जवळपास काळी.

शिजवली की ब्लूबेरी निळी राहतच नाही. सालीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबट रसात लालसर होतं, त्यामुळे कितीही छान मुरंबा केला तरी तो किरमिजी-जांभळाच. खायला अप्रतिम, पण या बाउलमध्ये त्याला जागा नाही. गोठवलेली ब्लूबेरीही नको: बर्फाच्या कणांनी आतल्या पेशी फुटलेल्या असतात, वितळताना रस सुटतो आणि पांढऱ्यावर जांभळे डाग पडतात. ताजी, अख्खी, कोरडी, एवढंच.

आणि ती इथली असावी हा माझा हट्ट आहे, कारण लागवडीची ब्लूबेरी न्यू जर्सीचीच. पाइन बॅरन्स या इथल्या पाइनच्या रानातल्या व्हाइट्सबॉगमध्ये क्रॅनबेरीची शेती करणाऱ्या घरातल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांचं संशोधन वाचलं आणि त्यांना आपली जमीन प्रयोगासाठी देऊ केली. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते हे कोव्हिल यांनी शोधलं होतं. त्याआधी चांगल्या सुपीक जमिनीत लावलेली झुडपं जगत नसत. व्हाइट यांनी आसपासच्या लोकांना रानातली मोठ्या फळांची झुडपं शोधायला सांगितलं, फळ मोजायला भोक पाडलेली मापं दिली, झुडपामागे पैसे दिले, आणि शोधणाऱ्याचं नाव झुडपाला दिलं. रूब लीक यांनी शोधलेल्या झुडपाचा 'रूबेल' हा वाण अजूनही लावला जातो. विक्रीचं पहिलं पीक 1916 मध्ये निघालं. त्या आधी ब्लूबेरी म्हणजे रानात जाऊन वेचायची गोष्ट होती.

माझ्या कामाला 'ड्यूक' आणि 'ब्लूक्रॉप' हे दोन वाण आहेत. ड्यूक लवकरचा, जूनच्या उत्तरार्धात भरपूर मिळतो. चाचण्या त्याच्यावरच झाल्या. ब्लूक्रॉप जरा मागून येतो, 4 जुलैच्या सुमारास हॅमंटनकडच्या शेतांवर तो मिळेल. फळ मोठं आणि टणक, मेण भरपूर. खुडताना देठापाशी लाल छटा दिसली तर ते फळ सोडून द्यायचं, ते अजून आंबट असतं.

केक

एंजल फूड केक. 12 अंड्यांचं पांढरं, 300 ग्रॅम साखर, 115 ग्रॅम केकचा मैदा, दीड चमचा क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड), चिमूटभर मीठ, व्हॅनिला. लोणी नाही, तेल नाही. क्रीम ऑफ टार्टरने फेस टिकतो आणि केक आतून जास्त पांढरा होतो, या बाउलला तेच हवंय. मधे नळी असलेल्या भांड्याला तूप-तेल लावायचं नाही. पीठ त्या कोरड्या भिंतीला धरून वर चढतं. 175 अंशांना साधारण 40 मिनिटं, आणि बाहेर काढल्या काढल्या भांडं उलटं करून पूर्ण गार होऊ द्यायचं. सरळ ठेवलं तर केक स्वतःच्या वजनाने बसतो.

आदल्या दिवशीचा केक चांगला. ताजा चिरताना दबतो, शिळा नीट चिरला जातो आणि पाकही बरा पितो. बाहेरची तपकिरी साल काढून टाकते, म्हणजे काचेतून फक्त पांढरं दिसतं. उरलेली पिवळी बलकं थोड्या साखरेत फेटून गोठवलीत, आइस्क्रीमला होतील. त्यांचं कस्टर्ड करून थर द्यायचा मोह होतो, चवही शोभते. पण लाल-निळ्यामध्ये पिवळा पट्टा आला की सगळा रंगच बदलतो.

पांढरं

नुसतं फेटलेलं क्रीम इतके तास उभं राहत नाही, हळूहळू पाणी सोडतं. इथे बरेच जण त्यात जिलेटिन घालतात. आमच्या पंगतीत शाकाहारी मंडळी खूप, म्हणून तो मार्ग मी घेतलाच नाही. मस्कारपोने चीज घालून छान घट्ट होतं, पण खाताना जड पडतं. मला सगळ्यात आवडलं ते चक्क्याचं मिश्रण. पूर्ण स्निग्धांशाचं ग्रीक दही मलमलीत बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगलं, सकाळी 225 ग्रॅम चक्का पुरणयंत्रातून काढला. 90 ग्रॅम पिठीसाखर घालून घोटला आणि 480 मिलिलीटर हेवी क्रीम फेटून त्यात हलक्या हाताने मिसळलं. श्रीखंड करणाऱ्या कुणालाही हे हाताने कळेल: चक्का जितका कोरडा, तितकी रेघ सरळ.

क्रीम फेटताना सगळं गार हवं, अगदी भांडं आणि पातीसुद्धा. स्निग्धांशाचे कण गार असतील तरच एकमेकांना धरून हवेचे बुडबुडे पेलतात. 10 अंशांच्या वर गेलं की फेस बसायला लागतो. हेवी क्रीममध्ये निदान 36 टक्के स्निग्धांश असतो. भारतात करणाऱ्यांनी पाकिटावरचा आकडा बघून घ्यावा, कारण 25 टक्क्यांचं साधं क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. इथली पिठीसाखरही या कामाला बरी, तिच्यात थोडं कॉर्नस्टार्च असतं.

वेलची-केशर घालून पाहिलं. सुंदर लागतं, पण मग ते श्रीखंडच होतं आणि बेरींचा वास मागे पडतो. फक्त लिंबाची किसलेली साल आणि व्हॅनिला ठेवलंय.

रचना

सुरुवातीला मी निळं खाली आणि लाल वर असं लावत होते, कारण ब्लूबेरी वजन छान पेलते. दिसायला छान, पण रस खालीच उतरतो. लाल थर वर असला की त्याच्या खालचं पांढरं रात्रीपर्यंत गुलाबी होतं. आता क्रम असा ठरलाय: तळाला पाक लावलेला केक, त्यावर स्ट्रॉबेरी, मग पांढरं, मग पाक न लावलेला केक, पुन्हा पांढरं, मग ब्लूबेरी, आणि माथ्यावर क्रीम आणि रास्पबेरी. स्ट्रॉबेरीचा रस सुटलाच तर तळाचा केक तो पितो. तो केक गुलाबी होतो, पण तो व्हायलाच हवा.

स्ट्रॉबेरी चेपू नये म्हणून फोडी फक्त काचेलगत एका रांगेत उभ्या करते आणि मधली जागा केकचे तुकडे आणि निथळलेल्या फोडींनी भरते. वरचं वजन केकवर येतं, कडेच्या फोडी मोकळ्या राहतात. क्रीम चमच्याने टाकत नाही. आधी पाइपिंग बॅगने काचेलगत एक सलग वळी फिरवायची, मग मधलं भरायचं. चमच्याने टाकलेलं क्रीम काचेला ठिकठिकाणी लागतं आणि ते पुसलं तरी धुरकट राहतं.

बाउल सरळ भिंतींचा घ्या. वर पसरट असला की प्रत्येक थराला जास्त फळ लागतं आणि वरच्या रेघा बारीक पडतात. माझा साधारण तीन लिटरचा आहे.

नेणं आणि वाढणं

इथे एक नियम सगळ्यांनी पाळावा असं मला मनापासून वाटतं. दुधाचे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. जुलैच्या दुपारी आमच्याकडे ती सहज तेवढी असते. सगळ्यांचं जेवण चार-पाचपासून टेबलावर मांडलेलं असतं; ट्रायफल त्यात ठेवायचं नाही. पायाचा बाउल कूलरमध्ये मावत नाही म्हणून शेजारच्या घरातल्या फ्रिजचा एक कप्पा आधीच मागून ठेवलाय, उंची मोजून. वाढताना खाली बर्फाचं परातीएवढं ताट.

लांब जायचं असेल तर पाव लिटरच्या झाकणाच्या बरण्यांत तेच थर लावा, कूलरमध्ये छान बसतात. मला मात्र मोठा बाउलच प्रिय आहे. सगळे भोवती जमतात, पहिला चमचा कोणी घालायचा यावर थोडा वाद होतो, आणि लहान मुलांना थर मोजायचे असतात.

राहिलेलं

अंडं न खाणाऱ्यांसाठी दुसरा लहान बाउल करायचाय. कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा स्पंज करून बघितला: चवीला उत्तम, पण रंग पिवळसर आणि पोत घट्ट, पाक वरच थांबतो. तुकडे लहान केले आणि पाक कोमट असताना लावला तर आत जातो असं दिसतंय. पिवळसरपणासाठी तो केक काचेपासून आत ठेवून बाहेरून क्रीमची जाड वळी द्यायचा विचार आहे. या आठवड्यात ग्लासात करून बघेन. ब्लूक्रॉप हाती आला की पूर्ण आकाराचा एक बाउल लावून अंगणात, सावलीत, बर्फावर तासभर ठेवायचा आहे. चक्का टांगायचा गुरुवारी रात्री, केक शुक्रवारी सकाळी, थर शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर.