तूट धरून

परवा दुपारी बसमध्ये शेजारच्या काकूंच्या बोटात ते जपाचं यंत्र होतं. हिरवं, प्लॅस्टिकचं, अंगठीसारखं, वर इवलासा पडदा. बटण दाबलं की आकडा एकानं पुढे. काकूंचे ओठ हलत होते, अंगठा हलत होता, आकडा सरकत होता, सगळं यथास्थित. मग एका सिग्नलला बस रेंगाळली आणि काकूंना डुलकी लागली. मान कलली, ओठ मिटले, अंगठा मात्र चालूच. 846, 847, 848. मी खिडकीबाहेर बघायचं सोडून तो आकडा बघत बसले.

आता ही झोपेतली नावं धरायची की नाही? अजामिळानं पोराला मारलेली ‘नारायणा’ ही हाक जर जमेस धरली गेली, तर काकूंनाही सूट मिळायला हरकत नाही. पण अजामिळानं निदान तोंड तरी उघडलं होतं.

मला मेलीला असले प्रश्न पडतात, कारण नामापेक्षा मोजणीतच माझा जीव अडकतो. माळ हातात घेतली की मी 108 ची वाट बघायला लागते. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची, हे एवढं वळण फार आवडतं. मधले मणी कुठे गेले, देव जाणे.

हे आजोळकडून आलं असावं. आजोळ नाशिकचं, आजोबांचं भुसार मालाचं दुकान. घरात सगळंच मापलं जायचं. सुट्टीत आजी आम्हाला आगर टाकळीला न्यायची, गोमय मारुतीच्या दर्शनाला. समर्थांनी तिथे 12 वर्षं राहून ‘श्रीराम जय राम जय जय राम’चा 13 कोटी जप केला, असं सांगतात. मी घरी येऊन दुकानातल्या रद्दी कागदावर गणित मांडलं. दिवसाला 29 हजारांच्या वर. एकाला दोन सेकंद धरले, तरी रोजचे सोळा तास. मग माधुकरी कधी, सूर्यनमस्कार कधी, झोप कधी? कागद आजीला नेऊन दाखवला. तिनं चष्मा वर करून तो नीट वाचला आणि म्हणाली, “परीक्षेत येणारे का हे?”

पण खरी मजा अधिक महिन्यात. 33 अनारसे जावयाला, आणि विष्णुसहस्रनाम म्हणत हजार तुळशी बाळकृष्णाला. द्वादशीला तुळस खुडायची नाही, म्हणून ती आदल्या दिवशीच खुडून ठेवायची; तुळस काही शिळी होत नाही. मोजायचं काम आम्हा पोरांचं. पंचावर शंभर-शंभरचे दहा ढीग. त्यावरून भांडणं! मंजिरी एक धरायची की तिच्याखालची दोन पानं वेगळी? किडकं पान चालतं का? मामेभाऊ जोडपानं एकात खपवायचा आणि मी ती सोडवून पुन्हा मोजायचे. पुढे हिशेबतपासनीस व्हायला हवं होतं मी.

दुसऱ्या दिवशी आजी पोथी घेऊन बसायची. ‘ॐ विश्वस्मै नमः’ झालं की पहिलं पान. पुढे ती एकेक नाव घेणार, आम्ही ‘नमः’ला सूर लावणार आणि पाळीपाळीनं पान वाहणार. पहिली शंभर उत्साहात. मग पायाला मुंग्या, मग स्वयंपाकघरातून तळणीचा वास. सातशेच्या पुढे कुठेतरी ‘ॐ कस्मै नमः, ॐ यस्मै नमः, ॐ तस्मै नमः’ अशी नावं लागोपाठ यायची. तिथे आम्ही दरवेळी फिसकन हसायचो. आजीला ते ठाऊक होतं. ते ठिकाण जवळ आलं की ती आवाज न चढवता नुसता वेग वाढवायची, आणि हसू फुटायच्या आत आम्ही दुसऱ्याच नावावर पोचलेलो असायचो. खरं सांगायचं तर मला त्या हजारातली धड आठवतात ती ही तीनच.

एका वर्षी नावं संपली आणि पंचावर सात पानं उरली.

आजी पानांकडे बघत राहिली, मग आमच्याकडे. मोजणी चोख होती, मी छातीठोकपणे सांगितलं. म्हणजे सात नावं कोरडीच गेली होती. कुठली ते कसं कळणार? मामेभाऊ म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून म्हणू या, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. आजीनं सातही पानं एकदम ओंजळीत घेतली, “जी कोण राहिली असतील त्यांना,” म्हणाली, आणि आरतीसाठी निरांजन उचललं.

त्याच आजीच्या तोंडी रोज तिन्हीसांजेला हरिपाठ असे. ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा। पुण्याची गणना कोण करी॥’ हे ती डोळे मिटून, मान डोलवत म्हणायची, आणि सकाळी वाहायच्या पानांचे ढीग मोजून घ्यायची. यात तिला काही विसंगत वाटायचं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं, पण तिच्याशी वाद घालायची सोय उरलेली नाही.

पुढे गुडघे गेल्यावर तिनं महादेवाला तांदळाची लाखोली वाहिली. लाख दाणे मोजणार कोण? तिनं वाटीभर तांदूळ परातीत पसरून, दुपारभर बसून, दाणा दाणा मोजले, आणि मग किती वाट्यांचे लाख होतात ते आजोबांच्या जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. त्या हिशेबानं रोज काही वाट्या. एक वाटी म्हणजे त्यातल्या दाण्यांइतक्या वेळा ‘नमः शिवाय’. ते ती म्हणायची की नाही, कुणी पाहिलं नाही. शेवटच्या दिवशी आकडा पुरा झाला, डबा झाकायच्या आत तिनं पोत्यातले आणखी मूठभर तांदूळ वर टाकले.

“आता हे कसले?” मी विचारलं.

“तुटीचे,” ती म्हणाली. “माप म्हटलं की तूट आलीच. जा, डबा गुरवाकडे देऊन ये. आणि रिकामा परत आण हं, मागच्या वेळचा अजून तिकडेच आहे.”