नऊ भट्ट्या

दसऱ्याला आण्णा त्रिशूरहून विट्याला आले होते. पालख्यांची शर्यत ते शक्यतो चुकवत नाहीत. गलाईच्या धंद्यातली निम्मी माणसं त्याच आठवड्यात गावी असतात आणि एरवी कुलपं दिसणाऱ्या घरांच्या ओट्यावर रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं ते स्पॅनिश कुठवर आलं गं?" एरवी मी "चाललंय" एवढंच सांगते. यंदा आत जाऊन वही घेऊन आले.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचा खानापूर तालुका, शेजारचा आटपाडी, हा सगळा कमी पावसाचा पट्टा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर गेली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात हीण काढायचं, चोख सोन्याची लगड करून द्यायची, ही गलाई. आण्णा सोळाव्या वर्षी चुलत्याच्या हाताखाली गेले. चौथीपर्यंत मीही त्रिशूरला त्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहिले. तेजाबाचा वास अजून नाकात आहे.

दिल्लीला जेएनयूत मी स्पॅनिश घेतलं तेव्हा नातेवाइकांनी नोकरीचं विचारलं. ते स्वाभाविकच होतं, त्यावर इथं लिहीत बसत नाही. पहिलं वर्ष बहुतेक भाषेतच गेलं. वर्गातली इंग्रजीतून विचार करणारी मुलं 'मे गुस्ता' या रचनेपाशी अडखळायची. मला ती घरचीच वाटली. 'मे गुस्तान लास उवास' म्हणजे 'मला द्राक्षं आवडतात'. आवडणारा 'मला' होऊन बाजूला बसतो आणि क्रियापद द्राक्षांच्या मागं जातं, मराठीत जातं तसंच. पुढं इतिहास आणि संस्कृतीचे पेपर आले: स्पेनमधली अरब राजवट, मेक्सिको, अँडीज, आणि स्पॅनिश लोकांनी लिहिलेल्या 'क्रोनिका'. क्रोनिका म्हणजे बखर म्हटलं की मराठी माणसाला लगेच कळतं. लिहिणारा कुणाच्या पदरी होता हे आधी बघायचं आणि मग वाचायचं.

त्यात काहामार्का आलं. १६ नोव्हेंबर १५३२ ला पेरूतल्या त्या गावात स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसारोच्या १६८ माणसांनी इंकांचा राजा आताहुआल्पा याला पकडलं. सुटकेसाठी त्यानं एक खोली सोन्यानं आणि दोनदा चांदीनं भरून द्यायचं कबूल केलं. महिनोन्‌महिने भांडी, मूर्ती, इंकांची राजधानी कुस्को इथल्या सूर्यमंदिराच्या भिंतींवरून उचकटलेले पत्रे येत राहिले. १५३३ च्या मे ते जुलैमध्ये बहुतेक सगळं वितळवलं गेलं. हिशोब झाला १३,२६,५३९ पेसोंचा, म्हणजे आजच्या मापात सुमारे सहा टन सोनं. पाचवा हिस्सा स्पेनच्या राजाचा, उरलेलं वाटून घेतलं. आणि खंडणी घेऊनही त्यांनी आताहुआल्पाला मारलं.

वर्गात आम्ही हे सगळं टनांत शिकलो. आकडा वहीत उतरवताना माझा हात थांबला. सहा टन सोनं आपोआप वितळत नाही, ते कुणीतरी वितळवावं लागतं. हे काम कुणी केलं, असं मी तासाला विचारलं. तो मुद्दा अभ्यासक्रमात नाही असं उत्तर मिळालं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आमच्या घरात चार माणसांचे हात भाजलेले आहेत.

मग मी ग्रंथालयात फ्रान्सिस्को दे खेरेसची बखर काढली. तो पिसारोचा चिटणीस, प्रत्यक्ष तिथं हजर असलेला. त्याचं पुस्तक १५३४ मध्ये सेव्हिलला छापलं गेलं. त्यात तो सांगतो की काही दिवशी पन्नास-साठ हजार पेसोंचं सोनं वितळत असे आणि हे काम तिथलेच लोक नऊ भट्ट्यांवर करत होते.

ओट्यावर मी हे आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी आधी तोळे काढले: दहा ग्रॅमच्या तोळ्यानं सहा लाख. मग म्हणाले, "साठ हजार पेसो म्हणजे किलोत किती?" मी म्हटलं, दोनशे सत्तरच्या आसपास. "नऊ भट्ट्या. म्हणजे एका भट्टीवर तीस किलो, एका दिवसात." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. "भाता होता का त्यांच्याकडं?"

भाता नव्हता. अँडीजमधले कारागीर भट्टीभोवती उभे राहून तांब्याच्या नळ्यांनी तोंडानं फुंकायचे. हे सांगितल्यावर आण्णांनी आपली फुंकणी धरल्यासारखी मूठ ओठांजवळ नेली. "मग मानसं लई लागली असतील. आन् छाती जाती वं त्यात."

मी त्यांना मोबाइलवर कोलंबियातल्या बोगोटाच्या सुवर्ण संग्रहालयातला, तिथल्या मूळच्या मुइस्का लोकांचा सोन्याचा तराफाही दाखवला. साडेएकोणीस सेंटीमीटर लांब, मधोमध राजा, भोवती माणसं. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या एका गुहेत सापडला. "मेणावर ओतलाय," ते बघताक्षणी म्हणाले, आणि ते बरोबर आहे. तांबं मिसळलेल्या सोन्याची वस्तू तापवून, वनस्पतींच्या आंबट रसात धुऊन वरचं तांबं काढायचं, म्हणजे पृष्ठभागावर सोनं उरतं, ही तिथल्या कारागिरांची रीत मी सांगितली तेव्हा तर ते उठून बसले. त्यांचं अख्खं आयुष्य सोन्यातून तांबं काढण्यात गेलंय.

स्पॅनिशमध्ये मुशीला 'क्रिसोल' म्हणतात. 'क्रिसोल दे रासास', वंशांची मूस, हा शब्दप्रयोग अर्जेंटिनाबद्दल अभिमानानं वापरला जातो: निरनिराळे लोक येऊन एक झाले. मला तो पटत नाही. मुशीत गेलेली बिलवर आणि मुशीत गेलेली नथ दोन्ही लगडीत असतात, पण परत कुणाला ओळखू येत नाहीत. आणि काय हीण धरून काढून टाकायचं हे भट्टीचा मालक ठरवतो. सुट्टीनंतर हे मी वर्गात मांडणार आहे.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंध आता त्या नऊ भट्ट्यांवर आहे. वाटणीची यादी शिल्लक आहे: घोडेस्वारांची नावं, पायदळाची नावं, कुणाला किती पेसो. घोडेस्वाराला साधारण ८,८८० पेसो, पायदळातल्या शिपायाला सुमारे निम्मे. भट्टीवरच्या एकाही माणसाचं नाव मला अजून कुठं सापडलेलं नाही.

आण्णा परवा परत गेले. काल रात्री फोनवर म्हणाले, त्या चिटणिसानं त्या लोकांना काय म्हटलंय तेवढंच परत वाच. खेरेसचे शब्द आहेत 'प्लातेरोस' आणि 'फुंदिदोरेस', तेही 'मोठे' असं विशेषण लावून. प्लातेरो म्हणजे चांदीकाम करणारा, आपल्याकडं दोन्ही धातूंना सोनारच. दुसऱ्या शब्दाला कोशात 'ओतारी' आहे, पण ओतारी भांडी ओततो. मी फोनवर वाचलं: त्यांच्यात मोठे सोनार आहेत आणि मोठे गलाईवाले.

"आसंच लिव्ह," आण्णा म्हणाले. तसंच लिहिलंय.