नाव सांगायला हवं होतं

2015चा जून. आम्ही दक्षिण कोरियात, राजधानी सोलजवळच्या सुवॉनला राहत होतो. तीन वर्षांच्या लेकीला फणफणून ताप भरला. एरवी तिला उचलून सरळ दवाखाना गाठला असता. त्या रात्री मात्र चपला घालून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. कोरियात 'मर्स' हा श्वसनाचा जीवघेणा साथीचा आजार आला होता. तो रुग्णालयांतून पसरतोय एवढं बातम्यांत सांगत होते. कुठल्या, ते सांगत नव्हते. रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले.

आखाती देशांतून परतलेल्या 68 वर्षांच्या एका गृहस्थांना हा आजार असल्याचं 20 मे रोजी कळलं. तोवर त्यांचे बरेच दवाखाने पालथे घालून झाले होते. त्यांच्या वॉर्डात लागण झालेला दुसरा एक रुग्ण सोलच्या एका मोठ्या रुग्णालयात गेला आणि तिथल्या तातडीच्या विभागात त्याच्यापासून 82 जणांना संसर्ग झाला.

इतकं कसं पसरलं, हे मला लगेच उमगलं, कारण इथली रीत आपल्यासारखीच आहे. पेशंटजवळ रात्री घरचं माणूस झोपतं. खाटेखाली एक बुटका बाक सरकवलेला असतो, तो ओढायचा आणि त्यावर आडवं व्हायचं. भरवणं, अंग पुसणं घरच्यांनीच करायचं. तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ वेगळीच असायची. साताऱ्यात बाबांच्या ऑपरेशनला आम्ही असेच आळीपाळीने थांबलो होतो. कोरियातल्या 186 रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश हे असे नातेवाईक आणि भेटायला आलेले लोक होते. मायेपोटी आलेली माणसं ही. आपण कुठे पाऊल ठेवतोय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. याचा राग मला आजही येतो.

नावं सांगितली तर लोक घाबरतील, असं सरकारचं म्हणणं होतं. पण आम्ही घाबरलेलोच होतो, तेही सगळ्याच दवाखान्यांना. शेवटी 7 जूनला 24 रुग्णालयांची यादी जाहीर झाली. आमचा दवाखाना त्यात नव्हता. लेकीचा ताप तोवर उतरला होता, तरी ती यादी वाचून मला रडू आलं. त्या साथीत 38 माणसं गेली.

त्याच वर्षी कायदा बदलला. साथीच्या काळात रुग्ण कुठे फिरला, कुठे उपचार घेतले, हे जाहीर करणं सरकारवर बंधनकारक झालं. 2020मध्ये कोरोना आला तेव्हा फोनवर धडाधड संदेश यायचे. सुरुवातीला ते अतिच होतं. वय, दुकान, वेळ असं सगळं द्यायचे, आणि त्यावरून लोक माणूस हुडकून काढायचे. मानवाधिकार आयोगाने हरकत घेतली, मग तपशील कमी झाले. तेही बरोबरच झालं. जागेचं नाव हवं, माणसाचं नको.

एकदा आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं नाव आलं. सोबत तारीख, वेळ आणि तिथे निर्जंतुकीकरण झाल्याची नोंद. लेक आता आठ वर्षांची होती, तिनेच मला ते कोरियन घडाघडा वाचून दाखवलं. मी कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी आम्ही तिकडे फिरकलोच नव्हतो. मी तवा तापत ठेवला आणि कणीक मळायला घेतली.