जॉब कार्डावर 'पिकअप कमी'

खंबाटकीचा घाट चढताना (पुण्याहून जाताना घाटच नशिबात, बोगदा येतानाच मिळायचा) आई शेजारून म्हणाली, "अरे, गाडी ओरडतेय, पण पळत नाहीये." नंतरचे पाच आठवडे मी ज्यांना ज्यांना गाडी दाखवली, त्यांतल्या बहुतेकांना एवढंही नीट सांगता आलं नाही.

गाडी २०१६ ची पेट्रोल सेदान, सेकंड हँड घेतलेली, ७८ हजार किलोमीटर झालेली. सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारी) ऑटोमॅटिक. दुखणी दोन. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करून डी ला टाकली की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग धप्पकन झटका. आणि चढावर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना मध्येच न्यूट्रल झाल्यासारखी व्हायची. आरपीएमचा काटा दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर, स्पीड मात्र जागच्या जागी.

पहिला शहाणपणा मीच केला. स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीचे बिघाड-कोड वाचायच्या सॉकेटला, लावायचा स्वस्तातला स्कॅनर मागवला. त्यात पी०७०० हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, काय ते त्यालाच विचारा. आणि त्याला विचारण्याइतकी अक्कल या स्वस्त स्कॅनरला बहुधा नसते. मग मी काय केलं? 'क्लिअर' दाबलं. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझला, मला बरं वाटलं. तुम्ही हे करू नका. कोडचा फोटो काढा आणि गाडी तशीच न्या. दिवा घालवून डॉक्टरकडे गेलो, वर आजार ओळखा म्हणून भांडलो.

आता सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही. काउंटरवरच्या ॲडव्हायझरच्या टॅबमध्ये तक्रारींची तयार यादी होती. माझं सगळं ऐकून घेऊन त्याने त्यातली एक ओळ निवडली, 'पिकअप कमी'. मी म्हटलं, अहो, पिकअप नाही, गिअर उशिरा पडतोय, तेही गाडी रात्रभर उभी राहिली की. "सर, ते रिमार्कमध्ये टाकतो ना." रिमार्क कुठे गेला देव जाणे. आत मेकॅनिकच्या हातात कामाचा जो कागद, म्हणजे जॉब कार्ड, पोचला त्यावर पिकअप कमी एवढंच होतं, आणि त्याने इमानदारीत पिकअपचंच काम केलं. थ्रॉटल बॉडी साफ, प्लग नवे, बिल ४,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी डी ला टाकली. एक, दोन, धप्प.

दुसऱ्या खेपेला हट्टाने मेकॅनिकला सोबत घेऊन ट्रायल मारली. दुपारचे बारा, गाडी कोथरूडहून आलेली, म्हणजे चांगली तापलेली, आणि सेंटरसमोरचा रस्ता कॅरमबोर्डासारखा सपाट. गाडी इतकी गुणी वागली की मलाच लाज वाटली. "सर, ऑटोमॅटिकला एवढं नॉर्मल असतं." जॉब कार्डावर शिक्का, दोष आढळला नाही.

तिसऱ्या खेपेला सही करण्याआधी मी जॉब कार्डावर स्वतःच्या पेनाने लिहिलं, "गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळचा पहिला स्टार्ट मेकॅनिकने करावा. डी ला टाकल्यावर सेकंद मोजावेत." ॲडव्हायझरने असं पाहिलं जणू मी सातबाऱ्यावर खाडाखोड केली. पण काम झालं. सकाळी साडेनऊला फोन, "सर, प्रॉब्लेम दिसला." मी खूश. पुढचं वाक्य, "गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल, २ लाख १५ हजार." म्हणजे कालपर्यंत सगळं नॉर्मल होतं आणि आज आख्खा गिअरबॉक्स गेला. अधलंमधलं काही नाहीच.

मी एकच विचारलं. गिअरबॉक्सच्या ऑईलची लेव्हल किती निघाली?

"सर, सील्ड गिअरबॉक्स आहे. लाइफटाइम ऑईल असतं. लेव्हल बघायची नसते."

हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं. सील्ड म्हणजे डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) नाही, बाकी काही नाही. लेव्हल बघायची सोय असते, फक्त कटकटीची असते. आणि लाइफटाइम कुणाचं? झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सना ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की ऑईल बदला म्हणते. माझा गिअरबॉक्स त्यांचा नव्हता, पण ऑईल सगळीकडेच म्हातारं होतं. गाडी उचलून आणली.

भोसरीतल्या एका मेस्त्रींनी फक्त ऑटोमॅटिकची कामं धरली आहेत. गाडी रॅम्पवर घेऊन त्यांनी आधी इंजिनखालचं प्लॅस्टिकचं अंडरकव्हर काढलं. आतून ओलंचिंब. उजव्या एक्सलचं ऑईल सील पाझरत होतं आणि सगळं ऑईल कव्हरच्या फेल्टने पिऊन टाकलं होतं. म्हणून पार्किंगच्या फरशीवर कधी थेंब दिसला नाही. बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला, मला दिला. लालसर असायला हवं ते उकळलेल्या चहासारखं झालं होतं, पण जळका वास नव्हता. "जळलेलं नाही दादा, क्लच प्लेटा वाचल्या असतील."

मग लेव्हल. इंजिन चालू, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी असं प्रत्येकात थोडं थांबून फिरवलं, स्कॅनरवर ऑईल ४० अंशांपाशी आलं तेव्हा खालचा प्लग उघडला. लेव्हल बरोबर असेल तर तिथून बारीक धार यायला हवी. एक थेंब नाही. वरून ओतत गेले, १.४ लिटर गेलं तेव्हा कुठे थेंब पडायला लागले. तेवढं ऑईल कमी असेल तर चढावर तेल एका बाजूला सरतं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि क्लच धरत नाही. ओरडते पण पळत नाही, ती अशी. कोडही त्यांच्या स्कॅनरवर परत उगवलेला होताच, पी०७३३, तिसऱ्या गिअरचा रेशो चुकतोय.

बाकीचं भराभर झालं. सील बदललं, गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उघडला. त्यातल्या लोखंडाचा कीस धरणाऱ्या चुंबकावर राखाडी लेप होता, तो चालतो. चकचकीत तुकडे असते तर गोष्ट वेगळी. ऑईल तीनशे किलोमीटरच्या अंतराने दोनदा बदललं, कारण एका वेळी साधारण निम्मंच निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. शेवटी अडॅप्टेशन रिसेट, म्हणजे गिअर टाकायच्या जुन्या सवयी कॉम्प्युटरला विसरायला लावणं. त्यानंतर दोन-चार दिवस गिअर थोडे वेडेवाकडे पडले. मला आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. सगळे मिळून १३,२०० रुपये.

ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच स्पेसिफिकेशनचं घ्या. 'सगळ्याला चालतं' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ऑटोमॅटिकच्या इतर जातींत सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणारी) वेगळं, डीसीटीचं (दोन क्लचवाली) वेगळं. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर यंत्र बदलतं) असेल तर यातलं बरंचसं सोडून द्या, तिथे साधा क्लच असतो आणि तो यंत्र दाबतं, आजारही वेगळे. आणि हो, झटक्याचं कारण कधीकधी फुटलेलं इंजिन माउंटिंगही असतं, गिअरबॉक्सवर खर्च करण्याआधी तेही बघून घ्या.

दिवाळीत पुन्हा साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढेपर्यंत माझे डोळे काट्यावरच होते. शेवटच्या वळणावर आईला विचारलं, काही आवाज येतोय का? ती शिरवळपासून झोपली होती.