बाशो होडीत बसला तेव्हा

पाण्यावर हायकू, म्हणजे तीन ओळींची इवलीशी कविता, लिहिणं सोपं वाटतं. पाणी दिसलं की आपण लगेच हळवे होतो, आणि घोटाळा तिथेच होतो. माझ्या वहीतले नदी-तळ्यांवरचे बरेचसे हायकू कॅलेंडरवरच्या चित्रांसारखे आहेत. ‘शांत’, ‘निळं’, ‘अथांग’ एवढे शब्द खोडले की खाली काही उरत नाही.

अशा वेळी मी जपानी कवी बाशोच्या एका हायकूकडे जाते. जुन्या तळ्यात बेडूक उडी मारतो, तो त्याचा प्रसिद्ध हायकू नव्हे. 1686 सालचं ते तळं आता इतक्या जणांनी ढवळलंय की बेडूकही कंटाळला असेल. मी म्हणतेय तो मोगामी नदीचा. 1689 साली बाशो जपानच्या उत्तरेकडे भटकत होता. ओइशिदा इथे नदीकाठच्या एका घरी कवींची बैठक बसली. सगळ्यांनी मिळून रचायच्या साखळी-कवितेला त्याने सुरुवातीच्या ओळी दिल्या, त्यांचा आशय असा: झडीचं सगळं पाणी गोळा करून मोगामी किती गार! यजमानाच्या घराचं कौतुकही त्यात आपसूक आलं. तशी रीतच होती. पुढे तो त्याच नदीतून होडीने गेला. पाणी चढलेलं, होडी धोक्यात. नंतर प्रवासवर्णनात हा हायकू आला तेव्हा ‘गार’ जाऊन ‘वेगवान’ आलं होतं. बाकी सगळं तसंच.

मला यातली गंमत अशी वाटते की पहिला हायकूही खोटा नव्हता. काठावर बसलेल्याला गारवाच लागणार. होडीत बसलेल्याला नदी खेचून नेते, तिथे गारव्याचं कौतुक कोण करणार? म्हणून हल्ली पाण्यावर काही सुचलं की मी आधी स्वतःला विचारते, तू नक्की कुठे उभी आहेस? भिजलीस का? परवा पाऊस उघडल्यावर गॅलरीत कपडे काढायला गेले तेव्हा हे सुचलं:

पाऊस उघडला
कपड्यांच्या दोरीवर
थेंबांना घाई नाही

तिसरी ओळ थेंबांची नाही, माझी आहे. घाई मला नव्हती! दोरीला नाक लागेल इतकी जवळ गेले, तेव्हा दिसलं ते असं:

दोरीवरचा थेंब
घसरत घसरत
शेजारच्या थेंबात

जपानी हायकूची सतरा अक्षरं मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला तो तीन ओळींचा म्हणून, आणि मला तेवढी शिस्त पुरते. ऋतू मात्र हवा. जपानी परंपरेत पाणी ऋतूशिवाय येतच नाही म्हटलं तरी चालेल: दव शरद ऋतूचं, अवचित येऊन जाणारी थंड सर हिवाळ्याच्या तोंडाची. हायकूकार इस्साची लहान मुलगी 1819 मध्ये देवीच्या रोगाने गेली, तेव्हा हे जग दवाचंच आहे असं त्याने लिहिलं, आणि ‘तरीही’ म्हणून थांबला. त्यावर मी काही बोलणार नाही.

पण चियो-नी या जपानी कवयित्रीबद्दल (1703–1775) भांडायला मी तयार आहे. तिच्या प्रसिद्ध हायकूत विहिरीच्या पोहऱ्याला पहाटफुलाची वेल गुंडाळलेली आहे. ती वेल तोडत नाही, पाणी दुसरीकडून मागून आणते. ‘हायकू’ हे नाव रूढ करणाऱ्या मासाओका शिकीला हे पाणी मागणं कृत्रिम वाटलं. फुलासाठी कोण एवढं करतं, असा आक्षेप आजही ऐकू येतो. मला तो पटत नाही. पाणी भरणं हे रोजचं काम असलेल्या बाईने लिहिलेली ओळ म्हणून ती वाचून बघा. रिकामं भांडं घेऊन शेजारी जायचं, तिथे कारण सांगायचं, ते ऐकून कुणीतरी हसणार, मग भरलेलं भांडं सांभाळत परत यायचं. एका वेलीपायी एवढी पायपीट, आणि हायकूत तिची एका शब्दानेही तक्रार नाही. शिकीच्या घरी पाणी कोण भरत होतं, हे मला विचारावंसं वाटतं.