मेस्त्रींची शाळा : बाबूराव पेंटर यांची आठवण

कोल्हापुरात खरी कॉर्नरला चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे शिल्प असलेला एक स्तंभ आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनी जिथे उभी राहिली, त्या जागेची ही खूण असून कंपनीच्या स्थापनेचा दिवस कोल्हापूरकर १ डिसेंबर १९१७ असा मानतात. ज्यांनी ती कंपनी उभी केली, ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री म्हणजेच कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ते बहुतेक ‘आद्य चित्रपटकार’ या नात्याने. मला मात्र त्यांच्याविषयी वाचताना दर वेळी दुसरेच कुतूहल वाटत आले आहे. ज्या माणसाला कोणत्याही कलाशाळेत कोणी काही शिकवले नाही, त्याच्या हाताखालून इतके वेगवेगळ्या घडणीचे कलावंत कसे काय तयार झाले असतील?

३ जून १८९० रोजी जन्मलेल्या बाबूरावांचे घर कारागिरांचे होते. वडील कृष्णराव मेस्त्री यांचा हात लाकूड, धातू, दगड आणि हस्तिदंत अशा अनेक माध्यमांत चाले. अशा घरात मुलाला ‘कला’ वेगळी शिकवावी लागत नाही, कारण पटाशी धरायची कशी, धार लावायची कशी आणि चुकलेला घाव झाकायचा कसा, हे ते मूल बोलायला लागल्यापासून पाहत असते. परंतु बाबूरावांनी जी चित्रशैली आत्मसात केली, ती घरची नव्हती. तैलरंगातले वास्तवदर्शी व्यक्तिचित्रण, शरीराची मापे, छायाप्रकाशाचा हिशेब ही त्या काळी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रीतसर शिकवली जाणारी पाश्चात्त्य विद्या होती, आणि ती शिकण्यासाठी कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईला गेले होते. बाबूराव गेले नाहीत. त्यांनी ती पाहून, करून, पुसून आणि पुन्हा करून मिळवली. कागदपत्रांत ते ‘मेस्त्री’ राहिले असतील, पण लोकांनी त्यांना आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांना ‘पेंटर बंधू’ केले आणि तेच नाव टिकले.

हे नाव मुख्यतः नाटकाच्या पडद्यांनी मिळवून दिले. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि पारशी-गुजराती रंगभूमीसाठी पडदे रंगवणाऱ्यांत आनंदराव आणि बाबूराव यांचे नाव पश्चिम भारतात अग्रभागी होते. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदेही त्यांच्या हातचे. आज आपण ‘पडदे रंगवणे’ असे सहज म्हणून जातो, पण त्या कामाचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. जाड कापडाच्या पट्ट्या शिवून भलामोठा पट तयार करायचा, रंगाची पूड सरसाच्या पाण्यात कालवायची आणि राजवाडा, नगरातला रस्ता, अरण्य अशी दृश्ये अशा रीतीने उभी करायची की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्या सपाट कापडात खोली दिसली पाहिजे. सरसातला ओला रंग वाळल्यावर फिकट पडतो, म्हणून वाळल्यानंतरचा रंग आधीच डोळ्यांपुढे धरून काम करावे लागते. शिवाय पडदा दिवसाच्या उजेडात रंगवायचा आणि तो पाहिला जाणार रात्री, दिव्यांच्या झोतात. अंतर, प्रकाश आणि यथादर्शन (सपाट पटावर खोली दाखवण्याची रीत) यांचा असा एकत्रित विचार करण्याची सवय ज्याला लागली, तो मनाने कॅमेऱ्याच्या बराच जवळ पोहोचलेला असतो, असे मला वाटते.

थोडे विषयांतर करतो. विद्यार्थिदशेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांच्या हाताखाली काम केले आहे. पहिल्यांदा फक्त ब्रश धुवायचे, मग पत्र्याला अस्तर मारायचे, मग त्यांनी आखलेल्या अक्षरांच्या पोटात रंग भरायचा आणि बऱ्याच काळाने ग्राफ मारून छोटे चित्र मोठे करायचे, अशी ती चढण होती. चेहरा मात्र त्यांनी मला शेवटपर्यंत रंगवू दिला नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकलेही नाही. हाताखालच्या पोराने चेहरा बिघडवला तर गिऱ्हाईक उस्तादाकडेच येते. कारागिरीच्या परंपरेत शिष्याला सगळ्यात उशिरा मिळते ती चेहऱ्याची परवानगी. बाबूरावांनी ती किती लवकर आणि किती जणांना दिली, हे पाहिले म्हणजे त्यांच्या औदार्याचा अंदाज येतो.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाला आणि पेंटर बंधूंना चित्रपटाने झपाटले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला आणि चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय करून पाहिला. खरी ओढ होती ती चित्रपट स्वतः बनवण्याची, आणि त्यासाठी हवा होता कॅमेरा. फाळक्यांनी आपला कॅमेरा विलायतेतून आणला होता. कोल्हापूरच्या या दोघांनी तो घरीच बनवायचे ठरवले. ऐकायला ही बढाई वाटते, पण त्यामागे कारागिराचे तर्कशास्त्र आहे. चित्रपटाच्या कॅमेऱ्यातली खरी अवघड गोष्ट भिंग ही नसून फिल्मची चाल ही आहे. फिल्म सलग सरकून चालत नाही. तिने क्षणभर थांबायचे, तेवढ्यात प्रकाश आत यायचा, मग झडप बंद असताना ती नेमकी एका चौकटीएवढी पुढे ओढली जायची, आणि हे सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा, हाताने फिरवलेल्या दांड्याच्या जोरावर. प्रोजेक्टरमध्येही फिल्म अशीच थांबत-थांबत सरकते. ज्याने प्रोजेक्टर चालवला आहे आणि ज्याला धातूचे काम अवगत आहे, त्याच्यासमोर निम्मे कोडे सुटलेले असते. आनंदराव १९१६ मध्ये वारले आणि काम अर्ध्यावर राहिले. पुढे बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. भाऊ गेल्यावर ज्याच्यासोबत हे काम पुरे केले तो शिष्य होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गुरूने करायचे आणि शिष्याने पाहायचे, असा हा प्रकार नव्हता. कॅमेरा कसा बनतो हे दोघांपैकी कोणालाच आधी माहीत नव्हते.

कंपनीसाठी भांडवल दिले तानीबाई कागलकर यांनी, आणि पाठीशी शाहू महाराजांचा आशीर्वाद होता. भोवती जमलेली माणसे पाहावीत. पेणहून आलेले दामले पडदे रंगवण्याच्या कामातून या वर्तुळात आले. शेख फत्तेलाल कागलचे, आणि वयाने आपल्या गुरूपेक्षा चार वर्षांनी मोठे. बाबूराव पेंढारकर होते, केशवराव धायबर होते. पेंढारकरांच्या ओळखीने १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे (पुढचे व्ही. शांताराम) नावाचा विशीच्या आतला मुलगा आला आणि पडेल ते काम करू लागला. या कंपनीत अमुक माणूस नट, अमुक रंगारी, अमुक रसायनशाळेतला, अशी पक्की वाटणी नव्हती. ज्याने सकाळी तटबंदीला रंग दिला, तोच दुपारी अंगावर चिलखत चढवून कॅमेऱ्यासमोर उभा राहत असे.

या मंडळींत दोन स्त्रियाही होत्या, हे विसरता कामा नये. कंपनीच्या पहिल्या ‘सैरंध्री’ या चित्रपटात, १९२० मध्ये, गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी भूमिका केल्या. फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष नट घ्यावा लागला होता, त्याला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. चित्रपटात काम केल्याबद्दल या दोघींना त्यांच्या समाजाने वाळीत टाकले आणि त्यांनी स्टुडिओच्या आवारातच आसरा घेतला. बाबूरावांच्या शिष्यांची यादी करताना त्यांची नावे सहसा गळतात. ती गळू नयेत.

बाबूरावांची शिकवण्याची पद्धत त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीतच सामावलेली होती. ते लिखित पटकथेवरून काम करत नसत. पात्रांचे वेष, हालचाली, दृश्यांची मांडणी यांची रेखाटने करत आणि त्यांवरून चित्रण होई. म्हणजे हाताखालच्या माणसाला दिग्दर्शकाच्या मनातले दृश्य आधीच कागदावर पाहायला मिळे, नंतर ते लाकूड-कापडात उभे राहताना दिसे आणि शेवटी धुतलेल्या फिल्मवर. कल्पना आणि परिणाम यांत कुठे काय हरवले, हे ज्याला डोळ्यांनी पडताळता येते, त्याला व्याख्यानाची गरज उरत नाही. शिवाय जे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली असती, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी माणसे वावरू शकतील असे भरीव सेट उभारले. स्वतःच्या सर्वांत पक्क्या कौशल्याला असा फाटा देणे फार थोड्यांना जमते.

‘सैरंध्री’तला कीचकवध इतका हुबेहूब वठला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली, लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, आणि त्यात शिवाजी महाराजांची भूमिका त्यांची स्वतःची, तर शेलारमामा शांतारामांचा होता. १९२५ चा ‘सावकारी पाश’ नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा. पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांची चलती असताना, सावकाराने जमीन गिळल्यामुळे शहरातल्या गिरणीत जाऊन पडणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी पडद्यावर आणली, आणि तो शेतकरी शांतारामांनी रंगवला. पुढे १९३७ मध्ये शांतारामांनी ‘कुंकू’ केला तोही याच आपट्यांच्या कादंबरीवर. गुरूकडून काय घेतले, याचा याहून ठळक दाखला मला सापडलेला नाही.

चेहऱ्याच्या परवानगीची गोष्ट मी वर काढली, ती याच संदर्भात. १९२७ मध्ये कंपनीच्या ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन शांतारामांकडे आले, तेव्हा ते पंचविशीत होते. १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ दामले आणि फत्तेलाल यांनी केला. बाबूराव त्या वेळी थकलेले, निवृत्त झालेले गुरुजी नव्हते. ते अजून चाळिशीलाही पोहोचले नव्हते आणि कंपनी त्यांच्या नावावर चालत होती. चित्रपटाची संपूर्ण जबाबदारी हाताखालच्यांना देणे म्हणजे आपल्याला पर्याय निर्माण करणे, हे त्यांना कळत नसेल असे मानण्याचे काही कारण नाही.

आणि पर्याय निर्माण झालाच. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना केली, आणि काही काळातच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. काही जण या घटनेकडे शिष्यांचा कृतघ्नपणा म्हणून पाहतात, तर काही जण बाबूरावांच्या लहरी आणि संथ कामाचा अटळ परिणाम म्हणून. मला दोन्ही पुरेसे वाटत नाही. प्रत्येक चौकट मनासारखी होईपर्यंत न थांबणारा माणूस व्यवहाराच्या गणितात मागे पडणार, हे खरेच. पण ज्यांना चित्रपटाचे प्रत्येक अंग स्वतःच्या हातांनी करू दिले, त्यांनी कायम दुसऱ्याच्या छताखाली राहावे, ही अपेक्षाही तितकीच चुकीची आहे. माणसे बांधून ठेवायची असती, तर त्यांना अर्धवट शिकवणे पुरेसे होते.

त्यांनी अर्धवट शिकवले नव्हते, हे ‘प्रभात’मध्ये दिसले. दामल्यांनी ध्वनिमुद्रण हाती घेतले, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन, धायबरांनी छायाचित्रण, आणि शांताराम दिग्दर्शक म्हणून पुढे आले. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये भारत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

उत्तरायुष्यात बाबूराव दुसऱ्यांच्या संस्थांसाठी बोलपट करत राहिले : ‘उषा’ १९३५ मध्ये, ‘सावकारी पाश’ची बोलकी आवृत्ती १९३६ मध्ये, ‘प्रतिभा’ १९३७ मध्ये. बोलपटात त्यांचा पूर्वीचा दबदबा राहिला नाही, हे मान्यच केले पाहिजे. संवादाच्या आधारे पुढे सरकणारे चित्रपट हा त्यांचा पिंड नव्हता. पण शिष्य मिळत राहिले. चित्रकार म्हणून त्यांच्याकडे आलेले चंद्रकांत मांडरे १९३६ च्या ‘सावकारी पाश’मध्ये नट म्हणून दिसले आणि पुढे मराठी चित्रपटाचे लाडके नायक होऊनही त्यांनी चित्रकला सोडली नाही. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलने ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला, तेव्हा दिग्दर्शनासाठी बाबूरावांना बोलावले. पुढे त्या चित्रपटाची सूत्रे शांतारामांनी स्वतःकडे घेतली, तरी दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे लागली. १९५२ मध्ये त्यांचा ‘विश्वामित्र’ आला आणि १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

त्यांचे मूकपट पाहायचे म्हटले तर हाती फार थोडे लागते. १९२७ च्या ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि त्यांनी केलेले १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत मोडते. बाकीचे शोधायचे ते शिष्यांच्या कामात. ‘संत तुकाराम’ सुदैवाने आजही उत्तम अवस्थेत पाहायला मिळतो. पुढच्या वेळी तो लावाल तेव्हा अभंगांवरून थोडे लक्ष काढून फत्तेलालांनी उभारलेल्या देहूकडे, तिथल्या भिंतींकडे, ओसऱ्यांकडे आणि दारांवर पडणाऱ्या उजेडाकडे पाहावे.